पंतोजीपासून शिक्षणसेवकापर्यंत

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहायचा म्हणजे थोर पुरुषांची माळ गुंफायची, असा एक प्रघातच पडून गेला आहे. एल्फिन्स्टन, जांभेकर, फुले, आगरकर, कर्वे, शाहू महाराज, कर्मवीर अशा तसबिरी एकामागून एक लावीत जायचे आणि प्रत्येकीला हार घालायचा. या पुरुषांच्या थोरवीविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि मी स्वतः चौतीस वर्षे वर्गात खडू झिजवला आणि निवृत्त झाल्यावर जुने सरकारी अहवाल वाचण्याचा नाद लावून घेतला. तेव्हापासून या इतिहासाकडे मी एका निराळ्या, वरवर पाहता काहीशा क्षुद्र वाटणाऱ्या प्रश्नाच्या वाटेने जाऊ लागलो आहे. तो प्रश्न असा, की मास्तरांचा पगार कोण देतो? ज्याच्या हातून पगार यायचा त्याच्याकडे मास्तरांचे तोंड वळायचे, आणि मास्तरांचे तोंड जिकडे त्या बाजूची मुले शिकायची, हे गेल्या दोनशे वर्षांत इतक्या वेळा घडले आहे की तसबिरींच्या मागची भिंत मला आता त्या हिशेबाचीच बांधलेली दिसते.

पंतोजीपासून सुरुवात करू. त्याची शाळा कोणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर, देवळाच्या पडवीत किंवा त्याच्या स्वतःच्या घरी भरे. धूळपाटीवर ओनामा गिरवायचा, मग बाराखड्या, मग मोडीचे कित्ते, आणि सगळ्यांत मोठा भाग उजळणीचा : पाढे, पावकी, निमकी, अडीचकी. छापील पुस्तक नाही, वर्ग नाहीत, परीक्षा नाही. पंतोजीला सरकारचा पैसा नसे. मुलांचे बाप त्याला महिन्याकाठी काही आणे देत, कोणी धान्य देई, सणावारी शिधा पोचे. म्हणजे पगार देणारा ओट्याखालीच उभा असे. आणि ज्या बापाला दोन आणे देता येत नसत त्याचे पोर आपोआप शाळेबाहेर राही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर पैसे असूनही बाहेरच. १८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या गृहस्थाने लिहून ठेवले, की ज्या गावात एकही शाळा नाही असे गाव आपल्या मुलखात क्वचितच सापडेल. हे वाक्य पुढे आपल्या लोकांनी फार अभिमानाने मिरवले. परंतु त्यानंतर कलेक्टरांकडून माहिती मागवून जी मोजदाद झाली तीत साऱ्या मुंबई इलाख्यात मिळून शाळा भरल्या सुमारे सतराशे आणि मुले पस्तीस हजारांच्या आसपास. रा. वि. परुळेकरांनी हे जुने कागद अत्यंत कष्टाने शोधून छापले नसते, तर आपण अजूनही त्या एका वाक्यावरच पोट भरीत बसलो असतो. अर्थात कलेक्टरांना दिसलेल्या तेवढ्याच शाळा मोजल्या गेल्या, घरोघरी चाललेले शिकवणे मोजले गेले नाही, असे परुळेकरांचेही म्हणणे होते. ते मला पटते. पण त्याने पस्तीस हजारांचे लाखो होत नाहीत.

एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. पेशव्यांच्या श्रावणमासच्या दक्षिणेचा पैसा त्याच्या हाती आला. ती दक्षिणा एकदम बंद करावी तर पुण्याचे ब्राह्मण दुखावतील, चालू ठेवावी तर पैसा नुसता वाटला जाईल. त्याने मधला मार्ग काढला : त्यातील काही भाग खर्चून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पुण्यातल्या पहिल्या सरकारी विद्यालयाचा पगार अशा रीतीने पेशव्यांच्या धर्मादायातून निघाला, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे याच पाठशाळेचे रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज झाले. मुंबईत १८२० च्या सुमारास शाळा व शाळापुस्तके यांच्यासाठी एक मंडळी निघाली, ती १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. वर्गणीदार इंग्रज आणि एतद्देशीय दोन्ही. जोडीला सरकारचे अनुदान. बापू छत्र्यांची पुस्तके, जार्विससाहेबाने तयार केलेले मराठी मास्तर, जगन्नाथ शंकरशेटांचे द्रव्य आणि वजन हे सारे या एका मंडळीच्या आश्रयाने वाढले.

याच काळात एल्फिन्स्टनने आपल्या १८२३ च्या टिपणात एक इशारा दिला, त्याचा परिणाम फार दूरवर गेला. मिशनऱ्यांना खालच्या जातींतली मुलेच सर्वांत चांगली शिकताना आढळतात, हे त्याला ठाऊक होते आणि त्याने ते लिहिलेही. पण शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर वरच्या जाती त्याच्याकडे पाठ फिरवतील आणि ते पुढे पसरणारच नाही, अशी भीती त्याने घातली. माणूस उदार होता हे मान्य. परंतु या एका भीतीची किंमत पुढच्या तीन पिढ्यांनी मोजली. वरून पाणी ओतले की खाली झिरपेल, ही समजूत पुढे १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षण मंडळातही, विशेषतः सर अर्स्किन पेरी अध्यक्ष असताना, बळावली. पेरीला थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवायचे होते. जार्विस आणि शंकरशेट मराठीच्या बाजूने भांडले. मधल्या मध्ये मेजर कँडी मराठी पुस्तकांची भाषा तपासून साफ करीत बसला होता. मराठीत आज आपण जी स्वल्पविराम-पूर्णविरामांची चिन्हे सर्रास वापरतो ती रुळवण्याचे श्रेय बरेचसे या साहेबाकडे जाते. पेरी सगळे विसरले, कँडीचे स्वल्पविराम राहिले!

१८५४ चा वुडचा खलिता सर्वांना शाळेतल्या पुस्तकातून माहीत असतो. त्याने विद्यापीठे दिली, त्याचा गौरव होतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ उभे राहिले, आणि १८६२ साली रानडे, भांडारकर आदी पहिले पदवीधर बाहेर पडले. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने त्या खलित्यातल्या दोन गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या : एक शिक्षणखाते, दुसरी अनुदान. १८५५ साली मंडळ जाऊन खाते आले, त्याच्या डोक्यावर डायरेक्टर बसला, खाली इन्स्पेक्टर, त्याखाली डेप्युटी. खेड्यातल्या लोकांनी त्याचा ‘दिपोटी’ केला. दिपोटी यायचा म्हणजे शाळेचे आवार सारवायचे, मुलांना धुतलेले सदरे घालायचे, आणि मास्तरांनी रात्रभर जागायचे. पंतोजीला दोन आणे देणाऱ्या बापाची जागा घोड्यावरून येणाऱ्या या माणसाने घेतली.

पैसा मात्र कोठून आला, हे कोणी फारसे सांगत नाही. १८६३ च्या सुमारास मुंबई सरकारने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली. तिला लोकांच्या तोंडी ‘लोकल फंड’ हे नाव पडले. तिच्यातला एक तृतीयांश शाळांसाठी, बाकी रस्त्यांसाठी. म्हणजे मराठी शाळेचा पगार आता कुणब्याच्या साऱ्यातून निघू लागला. आणि शाळेत बसत कोण? बहुतांशी कुलकर्ण्याची, जोशाची, वाण्याची मुले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले त्याचा पाया हा हिशेबच आहे. त्या निवेदनाला कोणी बंडाचे पत्रक म्हणते, कोणी करुणेचे. मला ते प्रथम एका चोख हिशेबनिसाचे काम वाटते. रयतेच्या घामाचा पैसा, आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारला सरकारच्याच भाषेत दाखवून दिले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, असे ते म्हणाले. मोडी, बालबोध, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवा, असे म्हणाले. मास्तर शेतकरी वर्गातून, शिकवून तयार केलेला असावा. त्याला बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस. आणि पुढे त्यांनी असे सुचवले, की या मास्तराला गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल किंवा स्टँपविक्री अशी कामे जोडून द्यावीत, म्हणजे त्याला गावात वजन येईल. शिक्षकाच्या प्रतिष्ठेचा विचार पगाराच्या आकड्यासकट मांडणारा एवढा व्यवहारी माणूस त्या काळी दुसरा मला दिसत नाही.

कमिशनने शिफारस केली ती अशी : प्राथमिक शाळा लोकल बोर्डे आणि म्युनिसिपालिट्या यांच्याकडे द्याव्यात, आणि माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून ते खासगी मंडळींकडे सोपवावे, अनुदान देत राहावे. हे वाक्य वाचकांनी जरा थांबून पाहावे. आज महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे पोर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि पुढे आठवीला कुठल्या तरी ‘संस्थे’च्या हायस्कुलात दाखल होते, ही जी आपल्या गावोगावची मांडणी आहे, तिचा आराखडा १८८३ च्या त्या अहवालात आहे. झेंडे बदलले, कायद्यांची नावे बदलली, भिंत तीच राहिली.

अनुदानाची त्या वेळची पद्धत मोठी विलक्षण होती. निकालावर पैसा! इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा येऊन एकेका मुलाची परीक्षा घ्यायची, जितकी मुले जितक्या विषयांत उतरतील तितके रुपये शाळेला. इंग्लंडात ही रीत १८६२ पासून होती. तीमुळे मास्तरांनी मुलाला माणूस म्हणून पाहणे सोडून दिले आणि दोन रुपयांची नोट म्हणून पाहायला सुरुवात केली. पुढे १९०४ च्या ठरावात खुद्द कर्झनच्या सरकारने या पद्धतीला दोष देऊन ती सोडली. कर्झनविषयी चांगले बोलण्याचे प्रसंग थोडे येतात. हा एक आहे.

खासगी मंडळी म्हणजे कोण, याचे उत्तर पुण्याने दिले. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ साली फर्ग्युसन. आजीव सभासदांनी वीस वर्षे दरमहा पंच्याहत्तर रुपयांवर काम करायचे, ही तिची खूण. गोखल्यांनी ती वीस वर्षे पुरी केली. टिळक १८९० साली बाहेर पडले, आणि त्या भांडणातही बाहेरची मिळकत घ्यावी की न घ्यावी हा हिशेबाचा मुद्दा होताच. या त्यागाने महाराष्ट्राला एक आदर्श मिळाला यात संशय नाही. पण त्यातून एक अवघड वारसाही आला, तो असा की संस्थाचालकाला मास्तरांकडून त्याग मागण्याचा हक्क असतो. आगरकरांनी त्याग स्वतःचा केला होता. पुढे पुष्कळांनी तो दुसऱ्याच्या पगारातून केला.

सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, मी तो धावताच सांगतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानात नेला. गोखल्यांचे बिल १९११ साली आले आणि १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ साली, शाहू महाराजांनी कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचे शिक्षण जाहीर केले आणि मूल न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला. दंडाची टिंगल करणारे पुष्कळ झाले. पण पंतोजीच्या काळी बाप पैसे देऊन पोराला आत घाली. आता त्याला आत घातले नाही तर पैसे द्यावे लागत. सारी दिशाच उलटली, आणि ती उलटवणारा राजा होता म्हणून उलटली. गोखल्यांना ते मतदानाने साधले नाही.

भाऊराव पाटील याच कोल्हापूरच्या बोर्डिंगातून शिकलेले. १९१९ साली काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट सर्वांना पाठ आहे. मला त्याहून विशेष वाटते ते मुठी-मुठीने जमवलेले धान्य आणि मुलांनी स्वतः केलेली अंगमेहनत. शेतकऱ्याने लोकल फंडाचा आणा सरकारला देऊन पाहिला होता. त्याचे फळ दुसऱ्याच्या ओसरीवर पडले. आता त्याने तोच दाणा आपल्या माणसाच्या हाती दिला. १९३५ साली साताऱ्यात मास्तर तयार करण्याचे विद्यालय निघाले, १९४० साली मोफत हायस्कूल. फुल्यांनी मागितलेला शेतकरी मास्तर तयार व्हायला पन्नासावर वर्षे लागली.

स्वराज्यात तीन वह्या एकत्र शिवाव्या लागल्या. मुंबई इलाख्याचा १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आणि जिल्हा स्कूल बोर्डे. विदर्भात मध्य प्रांताची पद्धत. मराठवाड्यात निजामाचा कारभार, जिथे उर्दू हे राज्याचे माध्यम आणि मराठी शाळा काढणे हेच राजकीय धाडस. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक मास्तर सर्वत्र ‘झेडपीचा’ झाला. दिपोटीचा विस्तार अधिकारी झाला. माध्यमिक शाळा मात्र संस्थांच्या हाती राहिल्या, आणि त्या साठी-सत्तरीत इतक्या वाढल्या की तालुक्याच्या प्रत्येक पुढाऱ्याच्या नावापुढे अध्यक्ष हे पद लागले. गरीब पालकांच्या मुलांची फी सरकारने भरायची ई.बी.सी. सवलत आली, तीमुळे जी शाळा फीवर तगली नसती ती तगली. शाळा संस्थेची, पगार सरकारचा, ही जोडणी पक्की झाली. मी नोकरीला लागलो तेव्हा ती जोडणी कशी चालत असे ते मी पाहिले आहे. एका संस्थेत, तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही, आम्ही एका आकड्यावर सही करीत असू आणि हातात दुसरा आकडा पडे. मधला फरक इमारत निधीत जातो, असे कारकून सांगे. इमारत काही वाढली नाही. १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली आली, पगार बँकेत जमा होऊ लागला, तेव्हा कुठे आमची मान सरळ झाली. लोक म्हणतात, पगार बिनघोर झाला आणि मास्तर सुस्तावला. काही सुस्तावले, हे मी नाकारीत नाही. पण त्याच बिनघोर पगारावर आमच्यातल्या कित्येकांनी संस्थाचालकाला ‘नाही’ म्हणायला सुरुवात केली, हे सांगायला कोणी येत नाही.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपली मुले कर्नाटकात देणग्या भरून शिकतात, तो पैसा इथेच राहू द्या, हा युक्तिवाद होता, आणि तो खोटा नव्हता. चारच वर्षांत देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यावरून पुढचे समजावे. विनाअनुदानाचे हे बीज मग शाळांत उतरले. २००१ साली तर ‘कायम विनाअनुदानित’ अशी अट घालून मराठी शाळांना मान्यता मिळू लागल्या. २००९ साली ‘कायम’ हा एक शब्द वगळला, आणि त्या एका शब्दावर हजारो मास्तरांचे तारुण्य टांगलेले होते. माझा एक पुतण्या अशाच एका शाळेत २००५ च्या जूनमध्ये लागला. अकरा वर्षे त्याला शाळेतून पगार म्हणून काहीही मिळाले नाही. तो सकाळी दूध घालीत असे आणि दुपारी भूगोल शिकवीत असे. २०१६ साली त्याच्या शाळेला वीस टक्के अनुदान आले, २०२० साली चाळीस, २०२३ साली साठ. प्रत्येक टप्प्याआधी त्याने आझाद मैदानावर रात्री काढल्या.

तिकडे अनुदानित आणि झेडपीच्या शाळांत २००० सालापासून शिक्षणसेवक आले : तीन वर्षे ठरावीक मानधन, मग कायम. प्राथमिकचे मानधन बरीच वर्षे सहा हजार होते, २०२३ साली सोळा हजार झाले. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला आणि खासगी विनाअनुदानित शाळेतही एक चतुर्थांश जागा गरिबांच्या मुलांना, फी सरकारची. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांना दार उघडले. पैसा आता एकाच वेळी तीन-चार नळ्यांतून वाहतो, आणि एकाच गावात एकाच पुस्तकातून शिकवणारे चार मास्तर चार निरनिराळ्या पगारांवर उभे असतात.

निकालावरचा पैसा कर्झनने सोडला. मुंडकी मोजून पैसा मात्र राहिला. शाळेत किती मास्तर ठेवायचे हे पटावर ठरते, त्याला संचमान्यता म्हणतात. पटावर पैसा म्हटल्यावर पट फुगणारच. २०११ च्या ऑक्टोबरात तीन दिवस सबंध राज्यात एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची कितीतरी मुले वर्गात सापडली नाहीत. आता आधार क्रमांक जुळल्याशिवाय मूल मोजले जात नाही. दिपोटी घोड्यावरून येत असे, तेव्हा निदान त्याला मुलाचे तोंड दिसे. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत, बहुतेक वाड्या-वस्त्यांवरच्या. त्या एकत्र करून समूह शाळा कराव्यात असा विचार २०२३ पासून चालला आहे. सह्याद्रीच्या कडेला ज्या वाडीत पावसाळ्यात ओढा आडवा येतो, तिथल्या सात वर्षांच्या पोरीला समूह शाळा किती लांब पडेल हे संचमान्यतेच्या तक्त्यात भरायला रकाना नाही.

पगार हल्ली ‘शालार्थ’ नावाच्या संगणकी प्रणालीतून निघतो. प्रत्येक मास्तराला त्यात एक क्रमांक असतो. २०२५ साली नागपूर विभागात बनावट क्रमांकांवर पगार उचलल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि अटका झाल्या. त्यानंतर कागदपत्रांची तपासणी कडक झाली. पुतण्याने परवा नेमणुकीचे पत्र, मान्यतेचे पत्र आणि हजेरीपटाच्या प्रती माझ्यापुढे ठेवल्या आणि क्रमाने लावून मागितल्या. हजेरीपटात त्याच्या वीस वर्षांच्या सह्या आहेत. पहिल्या अकरा वर्षांच्या सह्यांसमोरचा पगाराचा रकाना कोरा आहे. त्या जागी कारकुनाने शाईने एकेक आडवी रेघ ओढली आहे.